लिंबावरची अळी

दुधीच्या फुलांना कुंचल्याने पराग लावता लावता सानिका थबकली. शेजारच्या कुंडीतल्या इवल्याशा लिंबाचं पान कुणीतरी कुरतडलं होतं. तिने पान उलटलं, तर खाली हिरवी अळी!

"मिहिर, लवकर ये!"

तिचा नवरा आला आणि चष्मा सावरत पानाखाली वाकला. मुंग्या, मधमाश्या, फुलपाखरं जगातून नाहीशी झाली, तेव्हा दोघं शाळेत होती. आता दोघांनी सत्तरी ओलांडली होती.

"आई कढीपत्त्यावरच्या अळ्या वेचून टाकायची," सानिका म्हणाली. "मी एखादी काड्यापेटीत लपवायचे."

"अगं, पण ही झाड खाऊन टाकेल. यंदा कुठे पहिल्यांदा कळ्या धरल्यात."

"खाऊ दे रे."

अळीने खरंच झाड बोडकं केलं आणि एका काटकीवर कोष केला. दोघं रोज तिथेच चहा घेत, लहानपणीच्या परसातल्या गोष्टी काढत बसत.

एका सकाळी कोष फुटला. काळं-पिवळं फुलपाखरू कुंपणावरून गल्लीत गेलं. दारोदारची म्हातारी माणसं अनवाणीच बाहेर धावली. शेजारची चिमुरडी भेदरून मिहिरला बिलगली.

"आजोबा, ते काय उडतंय?"

मिहिरने तिला नीट दिसावं म्हणून उचलून घेतलं.

"फुलपाखरू, बाळा," तो म्हणाला. "फुलपाखरू म्हणतात त्याला."