गोदावरीचा दाखला

१९७२ सालची गोष्ट. शहराच्या पूर्व कडेला जिल्हा परिषदेची प्रशाला होती. तिथल्या आठवीच्या वर्गात जूनमध्ये अकरा मुली होत्या, ऑक्टोबरात सात उरल्या. पाऊस झालाच नव्हता. मागच्या माळावर कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या आणि पुढच्या रस्त्यावर गावंच्या गावं खडी फोडायला येऊन बसली होती.

कडुबा त्या खडीवरूनच उठून आला. वहाणा दाराबाहेर काढून तो मुख्याध्यापिका अंबिकाबाईंच्या टेबलासमोर उभा राहिला.

“बाई, आमच्या गोदावरीचा दाखला पाह्यजे व्हता.”

“कशाला?”

“कन्नडला मावशी हाये तिची. तिथल्या शाळंत घालायचीय. हितं आमी दोघंबी कामावर, पोर दिवसभर घागर घेऊन टँकरमागं पळायची. अभ्यास कवा करावा तिनं?”

अंबिकाबाईंनी पेन खाली ठेवलं. “बद्रीनाथनं मामाकडं ठेवतो म्हणून दाखला नेला. महिन्याभरात पोरीचं लग्न लावलं. त्याच्याआधी एकानं आत्याकडं सांगितलं होतं. आता तुम्ही मावशी सांगताय.”

दाखला हातात पडला म्हणजे पोरीची शाळा संपली, असं वस्तीत धरून चालत. तो दिला नाही, तर नाव हजेरीपटावर राही आणि बाई घरी येऊन भांडू शकत. म्हणून अंबिकाबाईंनी रीतच पाडली होती. मुलीचा दाखला बापाच्या हाती द्यायचा नाही, मुलीनं स्वतः येऊन मागायचा. या रीतीनं चंपा नावाची एक मुलगी परत वर्गात आली होती आणि आता मॅट्रिकला बसणार होती.

कारकून पुंजारामनं दाखला लिहून तयार ठेवला होता. फक्त सही राहिली होती.

“बाई, ह्यो माझ्या शेजारच्या गावचा,” तो हळूच म्हणाला. “खोटं बोलणारा माणूस नाय.”

“बद्रीनाथच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात, पुंजारामभाऊ.”

पुंजारामनं दाखला तसाच टेबलावर ठेवला.

“गोदावरीला घेऊन या,” अंबिकाबाई कडुबाला म्हणाल्या. “मला तिकडं शिकायचंय, एवढं तिनं माझ्यासमोर म्हणावं. लगेच सही करते.”

“ती तर आठ दिस झाले तिकडंच हाये, बाई. मास्तरांनी वर्गात बसू दिलंय, पर दाखला आणा म्हणत्यात. आता तिला आणायला जायचं, परत पोचवायचं. दोन दिस खाडा झाला तं मुकादम माझ्या जागी दुसरा गडी लावतो.”

“पोरीच्या शिक्षणापायी दोन दिवस जड जातात तुम्हाला?”

कडुबानं मान वर केली. त्याच्या पापण्यांवर खडीची पांढरी भुकटी होती.

“जड जात असते तं आलोच नसतो,” तो म्हणाला, आणि वहाणा हातात घेऊनच निघून गेला.

अंबिकाबाईंनी दाखला खणात ठेवला. वर्गशिक्षिकेला बोलावून सांगितलं, गोदावरीचं नाव काढायचं नाही. त्या दिवशी डबा खाताना त्या खुशीत होत्या. आणखी एक पोर राखली असं त्यांना वाटत होतं.

जानेवारीत कन्नडच्या शाळेचं पोस्टकार्ड आलं. पुंजारामनं ते टेबलावर ठेवलं. कुमारी गोदावरी हिला आपल्या दाखल्याच्या भरवशावर वर्गात बसवले होते. मुलगी हुशार आहे. तीन महिने वाट पाहिली. दाखला न आल्याने नाइलाजाने बसू देणे बंद केले आहे.

अंबिकाबाईंनी उभ्या उभ्या सही केली आणि शिपाई सखारामला दाखला देऊन पहिल्या एसटीनं कन्नडला धाडलं. संध्याकाळी तो पाकीट तसंच घेऊन परत आला. मुलगी आईबापाकडं गेली होती. रस्त्याचं काम तर केव्हाच संपलेलं. माणसं बिडकीनकडं तलावाच्या कामावर गेली, एवढंच कळलं.

बिडकीन काही लांब नव्हतं. रविवारी स्वतः जाऊन येते, असं अंबिकाबाई म्हणाल्या. कितीतरी रविवार म्हणत राहिल्या. कडुबासमोर कोणत्या तोंडानं उभं राहायचं, हे त्यांना सुचेना. मे महिन्यात गोदावरीचं लग्न झालं.

चंपा मॅट्रिक झाली आणि पुढं सोयगावला शिक्षिका लागली. अंबिकाबाई १९८३ साली निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात त्यांनी राखलेल्या मुलींची नावं एकेक करून वाचली गेली, तेव्हा त्या सारख्या पदराशी चाळा करत होत्या. शाळा आधी कारखान्यांमुळे वाढली, दोन पाळ्यांत भरू लागली. मग भोवती कॉलन्या झाल्या आणि कॉलन्यांतली मुलं व्हॅननं इंग्रजी शाळांत जाऊ लागली. आता सकाळच्या पाळीचे तीन वर्ग तेवढे भरतात. कडुबा त्या माळावरच्याच एका कारखान्यात वॉचमन झाला आणि १९९१ मध्ये वारला.

गोदावरीनं तिन्ही मुली शिकवल्या. बापाशी मात्र ती लग्नानंतर कधी धड बोलली नाही. त्याच्या दहाव्याला ती आली, तेव्हा म्हाताऱ्या पुंजारामनं तिला बाजूला घेतलं. तुझा बाप दाखला मागायला आला होता, बाईंनीच सही केली नाही, मी तिथंच होतो, असं त्यानं तिला सांगितलं.

“ऱ्हाऊ द्या, तात्या,” गोदावरी म्हणाली. “गेलेल्या माणसाला कशाला झाकायलात? आमच्या बाई पोरींसाठी घरोघर भांडायच्या. त्या मला दाखला नाय म्हणतील व्हय?”