ढगातला चेहरा

सिनेमाचं पोस्टर कधी खोटं बोलत नाही, असं खामगावच्या शाकिरचं ठाम मत होतं. निवडणूक, वाढदिवस, श्रद्धांजली आणि सिनेमा, सगळ्यांचे फ्लेक्स तो एकाच कॉम्प्युटरवर बनवायचा.

एका नव्या सिनेमाचं शूटिंग सुरू व्हायच्या आधीच पोस्टर चौकात लागलं आणि सोनाळ्याचे माणिकराव त्याच्या दुकानात धडकले. त्यातल्या हिरोच्या बापाच्या भूमिकेसाठी त्यांनी दोन महिने दाढी वाढवली होती, महिनाभराची बिनपगारी रजा टाकली होती आणि गावभर सांगूनही ठेवलं होतं.

"शाकिर, मले ढगात काऊन टाकलं बे?"

"काका, लाल रंग म्हणजे खून, गुलाबी म्हणजे लव्ह स्टोरी. अन् ढगात फिकट चेहरा म्हणजे..." शाकिर थांबला.

"म्हणजे काय? बोल ना!"

"म्हणजे तुमी वारले."

कोपऱ्यात दिग्दर्शक प्रसेनजित मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. माणिकराव त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"कधी मरतो मी? इंटरवलच्या आधी का नंतर?"

"मामा, तुमी उगीच टेन्शन घेऊन राह्यले. पहिल्या सीनपासून शेवटल्या सीनपर्यंत तुमी दिसता."

"घे आईची शपथ."

"आईची शपथ."

सोमवारी माणिकराव सगळ्यांच्या आधी सेटवर पोचले. करारासाठी दिलेल्या आधार कार्डावरचा त्यांचा फोटो मोठा करून, हार घालून, हिरोच्या घराच्या भिंतीवर टांगला होता.