स्मशानभूमीचा फोटो

गावाच्या नव्या स्मशानभूमीचा फोटो पुरस्काराच्या स्पर्धेला पाठवायचा होता. सरपंच म्हणाले, "मोकळी शेड उठून दिसंना. सरणाच्या जाळीवर कोनीतरी झोपा." जिवंतपणी तिथं झोपणं म्हणजे अपशकुन, म्हणून सगळे मागं सरले. शेवटी फोटोग्राफर महेंद्रचे वडील, रंभाजी पुढं झाले. "आमी बौद्ध मानसं. असलं कायबी मानत न्हाई," म्हणत ते लोखंडी जाळीवर डोळे मिटून आडवे झाले. सरपंचांनी स्वतःच्या हातानं त्यांना हार घातला. गावाचा पहिला नंबर आला. तो फोटो मोठा करून शेडच्या फाटकावर लावला.

भर पावसाळ्यात रंभाजी खरंच गेले. ओढ्याकाठी, बौद्धांच्या उघड्या जागेवर, सरण काही पेटेना. महेंद्रनं तिरडी उचलून शेडकडं आणली. फाटकाला कुलूप होतं आणि पुढं छत्री धरून सरपंच उभे होते.

"तात्या, कुलूप काढा. फोटोत आमचे आबाच हायेत की."

सरपंचांनी वळून फोटोकडं बघितलं.

"व्हय की. पन फोटोत त्याला जाळलं न्हवतं."