कागदावरची रिकामी जागा

नाथाजीनं कोर्टाच्या पायरीवर गुंडाचा हातच धरला! गुंडा म्हणजे त्याचा सख्खा चुलतभाऊ. वीतभर बांधापायी दोघांची केस चाललेली, अकरा वर्षं अबोला. तारखेला दोघं एकाच एसटीनं साताऱ्याला यायचे. एक ड्रायव्हरमागं, दुसरा पार शेवटच्या सीटवर.

“सोड. माजा वकील बघतोय,” गुंडा म्हणाला.

“बघू दे. सही पायजे तुजी.”

“बांधाची? मेलो तरी देनार न्हाई.”

“बांध गेला खड्ड्यात. माज्या मरनाची!”

आणि ओढतच नेलं की त्याला झाडाखालच्या नोटरीबाईंकडं. मयूरीताईंनी कागद पुढं सरकवला. नाथाजीनं लिहून ठेवलेलं, आपण शुद्धीवर नसू, डॉक्टरांनीही हात टेकले असतील, तर नुसता श्वास चालू ठेवायला मशीन लावू नका. कायद्यानं चालतं हे. साक्षीदार दोन, नाथाजी फौजेत होता तेव्हाचे त्याच्याच पलटणीतले, सह्या करून मोकळे. एकच जागा रिकामी. वेळ आली की डॉक्टर ज्याला विचारतील आणि जो ‘थांबवा’ म्हणेल, त्या नातेवाइकाची.

“वयनींचं नाव घाल की.”

“अंबूचं? मला नुसती शिंक आली तर काढा ठेवती ती!”

“मग यशराज?”

“पोरगं फौजेत हाय, पन बापाला सुई टोचताना बाहेर पळतंय. माज्या थोरल्या भावाचं बघितलंस न्हवं? सांगलीच्या दवाखान्यात त्रेपन्न दिवस नुसत्या नळ्या. डॉक्टर रोज विचारायचे, आमच्यातल्या एकाच्या तोंडातनं शब्द फुटला न्हाई. लय जीव लावनारी मानसं नकोत गड्या. मला पक्का वैरी पायजे. तुज्याएवढा दुसरा हाय का कोन?”

मयूरीताई फस्सकन हसल्या. गुंडाही हसला. काय खूश झाला म्हणता! खुर्ची ओढली, पेन हिसकावला.

“आन हिकडं. असली सही तर नाचत करतो!”

चष्मा लावून त्यानं कागद वाचला. मग परत वाचला, बोट ठेवून, सावकाश. नाथाजीनं तोवर निवांतपणे चहा सांगितला, गुंडाला बिनसाखरेचा. अकरा वर्षांनीही ध्यानात होतं त्याच्या.

चहा आला. गुंडानं पेन खाली ठेवला. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसला, पुसतच बसला.

“मला न्हाई जमायचं, नाथा,” तो खाली बघत म्हणाला. “तू दुसरा वैरी बघ.”