टाकीखालचा पुदिना

"या पुदिन्याला पाणी कोण घालतं?" वनस्पती तुपाच्या कारखान्यात नव्यानेच रुजू झालेल्या रेवतीने विचारलं. हायड्रोजनच्या टाकीखाली, रंगाच्या रिकाम्या डब्यात तो तरारून आला होता.

"टाकीच घालते, मॅडम!" ऑपरेटर गुंजाळकाका हसले. "हायड्रोजनबरोबर थोडा ऑक्सिजनही घुसतो. आतल्या उत्प्रेरकावर दोघांचं पाणी होतं, ते नळीतून ठिबकतं. ऑक्सिजन तसाच पुढे गेला, तर भडकाच!" बोलता बोलता त्यांनी चहासाठी चार पानं खुडली.

रेवती रजेवरून परतली, तर पुदिन्याने मान टाकलेली. माती कोरडीठाक.

"टाकीच्या पुढच्या मीटरवर ऑक्सिजन शून्य आहे," काका म्हणाले. "गॅस एकदम शुद्ध. काळजी कसली?"

"ऑक्सिजन तर रोज येतो, काका. मग त्याचं पाणी गेलं कुठे?"

तिने टाकीला हात लावला. आत पाणी तयार होताना उष्णता निघते, म्हणून एरवी कोमट असणारी टाकी गार पडली होती. काकांनी धावत जाऊन प्लांट बंद केला.

उत्प्रेरक निकामी झाला होता आणि मीटर शून्यावरच अडकला होता. दोन्ही बदलले. हळूहळू पुदिनाही सावरला. एका सकाळी रेवती चहासाठी पानं खुडायला वाकली, तशी काकांनी तिला अडवलं.

"त्याला हात नका लावू, मॅडम. तो ड्यूटीवर आहे."