पाचवा टेक

चेन्नईच्या एका स्टुडिओत सेंतामरै नव्या तमिळ प्रेमपटाच्या नायिकेला आवाज देत होती. प्रसंग शेवटचा होता. नवऱ्याच्या प्रेताजवळ बसून नायिका रडते. चार टेक झाले, तरी दिग्दर्शक इळंपरिदीचं समाधान होईना.

“अक्का, नुसता श्वास ऐकू येतोय. तिचा नवरा गेलाय, ती काही जिना चढून आलेली नाही. लोक हसतील आपल्याला.”

“बरं, तंबी,” असं धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणत सेंतामरैने पाचव्या वेळी, वीस वर्षं सिनेमात फोडत आली होती तसा हंबरडा फोडला.

“बघा, आता कसं खरं वाटतंय,” तो डोळे पुसत म्हणाला.

* * *

गेल्या महिन्यात स्वतःच्या गेलेल्या नवऱ्याच्या उशाशी बसून ती जशी रडली होती, तसंच पहिल्या चार टेकमध्ये रडून झालं होतं.