वाटणी

शिलाई मशीनमुळे गरिबी हटते का, हे तपासायला एका योजनेतून वस्तीत चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांना मशिनं दिली. थोरलीला मिळालं, शेजारी राहणाऱ्या धाकट्या जावेला नाही. फायदा दिसला, तर उरलेल्यांनाही मिळणार होतं.

"अगं, सकाळी मी बसते, दुपारी तू बस," थोरली म्हणाली. दोन्ही घरं सावरली. वस्तीभर असंच झालं.

वर्षाने पाहणीवाली बाई आली. "मशीनवाली आणि बिनमशीनची घरं सारखीच निघाली. म्हणजे मशीनने फरक पडत नाही. योजना बंद झाली."

"अहो, आम्ही वाटून घेतलं म्हणून सारखी!"

"कळतंय हो ताई. पण निकाल वर गेलाय."

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. "मग काय, हिला उपाशी ठेवायला हवं होतं?"